गाण्याकडे वळणारी चौकट

ध्वनिमुद्रण झाल्यानंतर गाणाऱ्याचा सूर आणि वाजवणाऱ्याची लय मागाहून सरकवता येणे, ही संगीताच्या इतिहासातील फार जुनी गोष्ट नाही. परंतु आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की कानावर पडणारे गाणे गायले तसेच ऐकू येत आहे की पुढे बसवून घेतलेले आहे, हे बहुतेक श्रोत्यांना सांगता येत नाही आणि विचारावेसेही वाटत नाही. हे तंत्र मोठ्या शहरांतील चित्रपटसंगीतापुरते होते, तोवर त्याची चर्चा त्या धंद्यातील माणसांवर सोपवता येत होती. आता तालुक्याच्या गावातील एखाद्या खोलीत, एक संगणक आणि एक-दोन माइक एवढ्या सामग्रीवर, भजनी मंडळाचे अभंग, गोंधळाची पदे, भीमगीते आणि बंजारा लग्नगीते मुद्रित होऊ शकतात, आणि त्या संगणकातील सॉफ्टवेअर मुंबईच्या स्टुडिओतील सॉफ्टवेअरहून फारसे वेगळे नसते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेली नर्सी आणि त्यांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथ, ही दोन्ही स्थाने ज्या हिंगोली जिल्ह्यात आहेत, तेथील भजनाला हे तंत्र लावले की तंत्राच्या पोटातील काही गृहीते उघडी पडतात. आणि ती उघडी पडणे गाण्याच्याही हिताचे आहे, तंत्राच्याही.

यातील पहिले गृहीत काळाविषयीचे आहे. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ डावीकडून उजवीकडे वाहते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या रेषा मारलेल्या असतात. या रेषांच्या जाळीला ग्रिड म्हणतात. मिनिटाला 100 मात्रा अशी गती ठरवली तर एक मात्रा 600 मिलिसेकंदांची होते, तिचे चार भाग केले तर प्रत्येक भाग 150 मिलिसेकंदांचा होतो, आणि वाजवणाऱ्याच्या कानात त्याच गतीने टिकटिक करणारा ठोका, म्हणजे क्लिक, सोडला जातो. मुद्रण झाल्यावर सॉफ्टवेअर प्रत्येक आघाताची सुरुवात हुडकते, ती जवळच्या रेषेपासून किती दूर पडली हे मोजते आणि सांगितल्यास तिला ओढून त्या रेषेवर आणून ठेवते. या क्रियेला क्वांटाइझ करणे म्हणतात. ती पूर्ण करता येते किंवा टक्केवारीने अर्धीमुर्धीही करता येते. ओढताना दोन आघातांमधला आवाज ताणावा किंवा आखडावा लागतो, आणि तसे करूनही त्याची उंची बदलू नये यासाठी वेगळे गणित लागते. टेपच्या काळात हे सहजी जमत नसे, कारण टेप जलद फिरवली की लय वाढे आणि सूरही चढे. बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी 1966 मध्ये ध्वनीचे विश्लेषण करून तो पुन्हा घडवण्याची जी रीत मांडली, तिच्यामुळे वेळ आणि उंची एकमेकींपासून सुट्या करण्याची वाट मोकळी झाली. प्रो टूल्स या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 2007 साली आणि लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 2009 साली ही सोय आली, तोवर घरगुती संगणकावर काम करणाऱ्यालाही ध्वनी रबरासारखा ताणता येऊ लागला होता.

ही सगळी यंत्रणा असे धरून चालते की गाण्याची गती आधी ठरते आणि गाणे नंतर तिच्यात बसते. वारकरी भजनात नेमके उलटे घडते. भजनी ठेका संथ सुरू होतो, अभंगाचे चरण शब्द कळतील अशा बेताने घेतले जातात, मग धृपदाच्या पुनरावृत्तीत टाळकरी रंगू लागतात, पखवाजी हात मोकळा करतो, चाल बदलते आणि लय दुप्पट होते. शेवटी नामाच्या गजरात ती अशा टोकाला पोहोचते की पहिली मात्रा आणि शेवटची मात्रा एकाच अभंगातल्या आहेत यावर विश्वास बसू नये. ही चढण सारख्या उताराची नसते. ती कोठे थबकते, कोठे एकदम उसळते, आणि कोठे गाणारा ओळ पुन्हा घेतो म्हणून अर्धी मात्रा रेंगाळते. ती कोणी आधी लिहून ठेवलेली नसते. विणेकरी, पखवाजी आणि गाणारा यांच्या नजरानजरेत ती ठरत जाते. अशा गाण्याला आरंभीच्या गतीची क्लिक लावली तर तिसऱ्या चरणापर्यंत रेषा आणि आघात यांचा काही संबंध उरत नाही, आणि गाणाऱ्यांनाच क्लिकवर गायला लावले तर अभंग सुरेख, सरळ आणि थंड होतो.

लय एकदा ठरली असे मानले तरी ‘एकाच वेळी’ या कल्पनेची अडचण उरते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 10 मीटर अंतर कापायला त्याला जवळजवळ 29 मिलिसेकंद लागतात. दिंडीत मृदंगाशेजारी उभा असलेला टाळकरी आणि रांगेच्या शेवटचा टाळकरी यांच्यात एवढे अंतर सहज असते. शेवटच्याला थाप उशिरा ऐकू येते आणि त्याचा टाळ पुढच्याला पुन्हा तितक्याच उशिरा ऐकू येतो. पुढे ठेवलेल्या माइकमध्ये हे सगळे टाळ एका आघाताच्या जागी एका लहानशा पसाऱ्यासारखे उमटतात. ग्रिडच्या दृष्टीने हा पसारा म्हणजे चूक आहे. वस्तुतः ते दिंडीच्या लांबीचे माप आहे, आणि बंद डोळ्यांनी ऐकणाऱ्याला ‘पुष्कळ माणसे गात आहेत’ असे जे कळते, ते या पसाऱ्यामुळेच कळते. वीस टाळ वेगवेगळे मुद्रित करून प्रत्येक आघात रेषेवर बसवला, तर वीस टाळांचा मिळून एक मोठा टाळ होतो. घोष वाढतो आणि माणसे नाहीशी होतात.

औंढा नागनाथाच्या देवळाविषयी सांगितली जाणारी कथा या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले गेले नाही, तेव्हा ते मागच्या बाजूस जाऊन उभे राहिले आणि गाऊ लागले, आणि देऊळच फिरून पश्चिमेला, म्हणजे त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे परंपरा सांगते. ही कथा भक्तीच्या अधिकाराविषयीची आहे आणि तिचा तो अर्थ मोठाच आहे. तरी तिच्यातील दिशेचा विचार येथे उपयोगी पडतो. दगडी आणि अचल मानलेली वस्तू गाणाऱ्याकडे वळली. गाणाऱ्याला तिच्या दारात नेऊन उभे केले गेले नाही. संगणकातील ग्रिडला हेच करता येते, आणि हे पुष्कळांना ठाऊक असूनही फार थोडे जण ते करतात. आघात रेषांवर ओढण्याऐवजी रेषाच आघातांवर आणून ठेवायच्या: मृदंगाची सम जेथे पडली तेथे मात्रेची खूण करायची, पुढची सम जेथे पडली तेथे पुढची खूण, आणि अशा रीतीने गाण्याच्या स्वतःच्या चढणीचा नकाशा तयार करायचा. याला टेंपो मॅप, म्हणजे गतीचा नकाशा, म्हणतात. लॉजिकमध्ये 2018 पासून सॉफ्टवेअर वाजवलेले ऐकून स्वतःची गती त्याप्रमाणे जुळवून घेते, आणि इतर सॉफ्टवेअरमध्येही हे काम हाताने करता येते. नकाशा झाला की मागाहून वाजवलेली बासरी किंवा सिंथेसायझरचा स्वर त्या चढत्या लयीबरोबर चालू शकतो, आणि एखादी थाप खरोखर चुकली असेल तर ती शेजारच्या थापांच्या मानाने सुधारता येते. या कामाला वेळ लागतो. एका अभंगासाठी शेकडो खुणा कराव्या लागतात, आणि त्या करणाऱ्याला सम कोठे आहे हे डोळ्यांनी नव्हे, कानांनी कळावे लागते, कारण लहरीच्या चित्रात सर्वांत उंच दिसणारा आघात पुष्कळदा टाळाचा असतो आणि सम त्याच्या किंचित अलीकडे असते.

स्वराच्या उंचीची गोष्ट लयीपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास मिसळलेला आहे. गायलेल्या स्वराची उंची ओळखून ती बदलणारे ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर 1997 मध्ये बाजारात आले. त्याचे कर्ते अँडी हिल्डेब्रँड यांनी त्यापूर्वी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातील लहरींचे विश्लेषण केले होते. जमिनीत सोडलेल्या ध्वनीच्या परतलेल्या प्रतिध्वनींवरून खाली काय आहे हे शोधण्याचे गणितच त्यांनी गळ्याला लावले. ध्वनिलहरीची एक प्रत घेऊन ती मूळ लहरीवर हळूहळू सरकवत न्यावी. ज्या सरकण्याला दोन्ही पुन्हा तंतोतंत जुळतात, तेवढा त्या स्वराच्या एका कंपनाचा काळ, आणि त्यावरून उंची निघते. मग सॉफ्टवेअर त्या उंचीजवळचा ‘योग्य’ स्वर निवडते आणि आवाज तिकडे नेते. किती वेगाने न्यायचे हे ठरवता येते; वेग शून्य मिलिसेकंदांवर ठेवला की स्वरातून स्वरात जाताना गळ्याची नैसर्गिक सरक पुसली जाते आणि आवाज यांत्रिक होतो. 1998 मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात हा परिणाम मुद्दाम वापरला गेला आणि जगभर ओळखीचा झाला. 2001 मध्ये जर्मनीतील पीटर नॉयबेकर यांचे मेलोडाइन पुढे आले. त्यात प्रत्येक स्वर पडद्यावर एका ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याचे मध्य, त्याचे कंपन आणि त्याचे हळूहळू घसरणे ही तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात.

प्रश्न ‘योग्य’ स्वर कोणता, हा आहे. या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. अलेक्झांडर एलिस यांनी 1885 मध्ये सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पून त्यांना सेंट हे नाव दिले. त्या मापाने पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये 100 सेंटचे अंतर असते आणि षड्जापासून शुद्ध गंधार 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो मात्र पाचास चार या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे 386 सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कानाला कळतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये सप्तकातील बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांवर, ग्रंथ लिहिला, क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्या विचाराला दुजोरा दिला, श्रुतींची पेटी घडवण्याचे प्रयत्न झाले आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाचा गळा प्रमाण म्हणून पुढे आणला गेला. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीने साध्या पेटीला दार बंद केले, आणि ते उघडण्यास 1971 उजाडावे लागले. त्या वादात पेटीच्या विरोधात मांडलेले आक्षेप आज ग्रिडच्या आडव्या रेषांना जसेच्या तसे लागू पडतात. फरक एवढाच की पेटी गाणाऱ्याच्या शेजारी बसून सूर देत असे आणि गळ्याला तिच्यापासून थोडे दूर राहण्याची मोकळीक असे, तर सॉफ्टवेअर गळ्याच्या आतच बारा पट्ट्या बसवते.

अर्थात बारांच्या जागी बावीस रेषा मारल्या म्हणजे काम भागते, असेही नाही. 1963 मध्ये जयराझभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी हिंदुस्थानी संगीतातील स्वरांच्या प्रत्यक्ष उंचीची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक निराळा पडतो आणि एका कलावंताच्या एका मैफलीतही तो जागा बदलतो, असे दिसून आले. स्वर म्हणजे एक बिंदू नसून एक लहान प्रदेश आहे, आणि त्या प्रदेशात गळा कोठून शिरला, कोठे थांबला आणि कोठून बाहेर पडला, यावर त्या स्वराचा भाव अवलंबून असतो. अभंग गाणारा ‘विठ्ठल’ या नामातील शेवटचे अक्षर खालच्या स्वरातून उचलून वर नेतो, तेव्हा सॉफ्टवेअर त्या मींडेचे दोन-तीन ठिपके करते आणि मधला, कोठेच न थांबलेला, सूर चुकीच्या जागी असल्याचे दाखवते. तो ठिपका सरळ केला की नाम ऐकू येते, पण हाक ऐकू येत नाही. कणसूर लागलेला स्वर आणि आर्ततेने चढलेला स्वर यांची सेंटमधली संख्या सारखी असू शकते. त्यांतील भेद मापाने कळत नाही, त्या गाण्याच्या सवयीने कळतो.

यापेक्षा अधिक व्यवहारातली, आणि म्हणून अधिक वेळा होणारी, गफलत आधारस्वराची आहे. सॉफ्टवेअर असे धरते की मध्य सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला 440 कंपनांची आहे आणि बाकी सर्व स्वर त्यावरून ठरतात. गावच्या मंडळाची पेटी वर्षानुवर्षे वाजून तिच्या सुरांची पितळी पाती झिजलेली किंवा मागे कधीतरी घासून दुरुस्त केलेली असतात, तिची काळी एक त्या मापाच्या थोडी खाली किंवा वर असते, आणि गाणारे तिच्याशी अचूक मिळून गात असतात. अशा आवाजावर सॉफ्टवेअर जसेच्या तसे लावले तर ते गाणाऱ्यांना एका दूरच्या मापाशी मिळवते आणि त्यांच्या स्वतःच्या पेटीपासून तोडते. मुद्रणात पूर्वी नसलेला बेसूरपणा दुरुस्तीने निर्माण होतो. गोंधळात तर पेटीही नसू शकते. तेथे तुणतुण्याची तार त्या रात्रीच्या गळ्याला सोयीची होईल तेवढी आवळलेली असते, आणि चौंडक्याचा सूर हाताच्या ताणाबरोबर वरखाली होतच राहतो. त्याला एका जागी बसवणे म्हणजे ते वाद्यच काढून घेणे होय. मृदंगाच्या डाव्या अंगाची कणीक वाळू लागली की त्याचा घुमारा बदलतो, हे पखवाज्याला माहीत असते आणि तो मध्येच पाण्याचा हात लावून घेतो. हे सगळे आधारस्वर जिवंत आहेत. दुरुस्ती करायचीच असेल तर प्रथम पेटीचा किंवा तुणतुण्याचा सूर मोजून सॉफ्टवेअरचे माप तेथे न्यावे लागते. ती सोय जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिला अर्धा मिनिट पुरते.

भजनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट यंत्राला अडवते, आणि ती अडवणूक एका अर्थी भजनाचे संरक्षणच करते. ऑटोट्यूनचे गणित एका वेळी एका गळ्यासाठी आहे. मेलोडाइनने 2009 पासून एकत्र वाजलेले स्वरही सुटे करण्याची सोय दिली. परंतु टाळाच्या आवाजातील उपस्वर कोणत्याही सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे त्याच्या झंकारात यंत्राला स्वर सापडत नाही, किंवा नसलेला स्वर सापडतो. मंडळ एकत्र बसून गाते तेव्हा मुख्य गायकाच्या माइकमध्ये टाळ, पेटी आणि मागची धृपदाची साथ शिरलेली असते, आणि गायकाचा आवाज इतरांच्या माइकमध्ये गेलेला असतो. गायकाचा सूर तीस सेंट वर नेला तरी शेजारच्या माइकमध्ये तो मूळ जागीच राहतो, आणि दोन्ही मिळून एक विचित्र कंप ऐकू येतो. यावर उपाय म्हणून प्रत्येकाला वेगळे बसवून, कानांवर हेडफोन लावून, एकामागून एक मुद्रित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. दुरुस्ती सोपी व्हावी यासाठी गाण्याची रीतच बदलण्याचा हा प्रकार या सगळ्या व्यवहारातील सर्वांत मोठी हानी आहे असे वाटते, कारण भजनात एकमेकांचे ऐकणे हेच गाणे असते आणि एकट्याने गायलेल्या धृपदाला उत्तर द्यायला कोणी नसते.

तरीही या तंत्राला सरसकट नाकारणे अन्यायाचे होईल. सप्ताहातील काल्याचे कीर्तन एकदाच होते. त्यात पेटीवाल्याचे बोट एका ठिकाणी चुकीच्या पट्टीवर पडले आणि तो भाग वेगळ्या माइकवर आलेला असेल, तर ते बोट सरकवण्यात कोणाचाही अपमान नाही, उलट कीर्तनकाराने घेतलेली ओळ त्यामुळे वाचते. शेतातून येऊन संध्याकाळी सरावाला बसणाऱ्या महिला मंडळाला पहिल्यांदाच आपला अभंग मुद्रित करायचा असतो. त्यांच्यातील एकीचा आवाज घाबरून खाली आला असेल आणि तेवढी एक ओळ हलक्या हाताने उचलून दिली, तर मंडळ पुढचा अभंग म्हणायला धजावते. वयोवृद्ध गायकाचा श्वास पुरत नाही म्हणून स्वराच्या शेवटी होणारी घसरण कोणी थोडी थांबवली, तर त्यात प्रेम असू शकते. या तिन्ही ठिकाणी दुरुस्ती गाणाऱ्याला काय म्हणायचे होते हे ओळखून केलेली असते, आणि ज्याला ते ओळखता येते तो मुद्रक त्या परंपरेत काही ना काही बसलेला असतो: टाळ धरून, मागे उभा राहून, निदान रात्रभर ऐकून. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या वर्गांत हे शिकवले जात नाही. ज्या भागात नामदेवांची पदे सातशे वर्षे तोंडी चालत आली आणि ज्या भागातल्या या संतकवीची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात रागांच्या क्रमाने जपली गेली, त्या भागात असे कान असलेली माणसे कमी नाहीत. ती संगणकासमोर फारशी बसवली जात नाहीत, इतकेच.

दुरुस्ती झालेल्या मुद्रणाबरोबर दुरुस्तीपूर्वीचे मुद्रणही जपून ठेवण्याची शिस्त मात्र सर्वांनाच पाळता येण्याजोगी आहे. अब्दुल करीम खाँ यांच्या 1905 च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिका आज वाजवताना अभ्यासकांना प्रथम हे ठरवावे लागते की ती तबकडी नेमक्या किती वेगाने कोरली गेली होती, कारण मिनिटाला 78 फेरे हे माप तेव्हा पक्के झालेले नव्हते आणि वेग बदलला की खाँसाहेबांची पट्टीही बदलते. तो प्रश्न निदान सोडवता येतो, कारण संपूर्ण तबकडी एकाच प्रमाणात सरकलेली असते आणि स्वरांची आपापसांतील अंतरे शाबूत असतात. दुरुस्त करून बाहेर काढलेल्या आजच्या मुद्रणात प्रत्येक स्वर वेगवेगळ्या मापाने हललेला असतो आणि कोणता किती हलला याची खूण त्यात उरत नाही. सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलमध्ये ती असते, पण संगणक बदलला, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी झाली किंवा जागा हवी म्हणून फोल्डर पुसले गेले की तीही जाते. एका अभंगाचे कच्चे मुद्रण काही शे मेगाबाइटांचे असते. मंडळाचे नाव, गाव, तारीख, पेटीची पट्टी आणि आधारस्वराचे मोजलेले माप एवढे कागदावर लिहून त्याची एक प्रत मुद्रकाकडे आणि एक मंडळाकडे ठेवली, तर नर्सीच्या परिसरात आज अभंग कोणत्या लयीत चढत होता आणि गंधार कोठे लागत होता, हे पुढे विचारणाऱ्याला दुरुस्त करणाऱ्याच्या आवडीनिवडीतून वाट काढत बसावे लागणार नाही.